हात पोचणार नाही अशी जागा

खिडकीकाका हे नाव नेमकं कुणी पाडलं ते खुद्द काकांनाही आठवत नव्हतं, पण पाडणाऱ्याने ते विचार करून पाडलं असावं. काका पेशाने वायरमन. उमेदीच्या काळात त्यांनी इतर वायरमन करतात ते सगळं केलं, पंखे टांगले, बेल दुरुस्त केल्या, घरभर वायरी ओढल्या. पुढे मात्र त्यांचा हात एकाच कामावर बसला. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या पाठीला नेमक्या जागी चौकोनी खिडकी पाडायची आणि पलीकडे भिंतीत गाडलं गेलेलं सॉकेट पुन्हा उजेडात आणायचं.

आता हे काम मुळात निघतं कुठून, तर वायरमन आणि सुतार यांच्या अबोल्यातून. वायरमन आधी येतो, भिंतीत सॉकेटं बसवतो आणि जातो. मग सुतार येतो, चकचकीत कपाटं उभी करतो आणि पाठीच्या प्लायवूडखाली ती सॉकेटं गडप करून तोही जातो. घरातली बाई नवाकोरा मिक्सर हातात धरून उभी राहते आणि पिन खुपसायला जागा नसते. शिवाय ही नव्या धर्तीची स्वयंपाकघरं आखणाऱ्या मंडळींना वायरीचा भारी तिटकारा. त्यांच्या फोटोंमध्ये फ्रिज, ओव्हन, केटली सगळं असतं, वायर तेवढी कुठे नसते. जणू सगळं थोरामोठ्यांच्या आशीर्वादावर चालतं. मग शेवटी काकांना फोन जायचा.

काका गेल्या गेल्या टेप काढत नसत. या घरात रोज ओट्याशी कोण उभं राहतं, हे आधी विचारत. घरमालक पुढे होऊन आपली अक्कल पाजळायला लागला तर त्याला गोडीगुलाबीने बाहेरच्या खोलीत बसवत. मग त्या बाईंना म्हणत, "डोळे मिटा आणि केटली लावा." बाई आधी हसायच्या, लाजायच्या. पण एकदा डोळे मिटले की हात आपला आपण निघायचा आणि कुठेतरी जाऊन थांबायचा. जिथे थांबेल तिथे काका कानामागची पेन्सिल काढून फुली मारत. त्या फुलीवर पाडलेली खिडकी पुढे कधी कुणाला गैरसोयीची झाली नाही.

ज्या घरात लहान मुलं असत तिथे काका एक जादा काम करून देत. ओट्यावरची सगळी सॉकेटं एका झटक्यात बंद करणारा एक स्विच ते डाव्या हाताच्या वरच्या कपाटात, बिजागरीच्या मागे बसवत. त्याला ते चोरस्विच म्हणत आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. संध्याकाळी घरी आले की जेवताना बायकोला सगळं साग्रसंगीत सांगत, आज कुणाकडे गेलो, सुताराने काय घोळ घातला होता, खिडकी किती इंचांची पाडली, चोरस्विच कसा कुणाच्या लक्षात येणार नाही. काकू, म्हणजे त्यांची बायको, शांतपणे ऐकून घेत. एकदाच त्या म्हणाल्या होत्या, "सगळ्यांकडे तिथेच बसवता? मग चोर कसला तो, त्याचा पत्ता तर गावाला ठाऊक." काकांनी ते हसण्यावारी नेलं.

असा संसार चाळीस वर्षं चालला. एकुलती एक लेक शिकली, लग्न करून एका दिवसाच्या प्रवासावर राहायला गेली. घरात दोघंच उरले आणि दोघांना ते पुरतही होतं.

काकूंचं विसरणं चोरपावलांनी आलं. आधी शब्द जायला लागले. चमच्याला त्या 'ते ढवळायचं' म्हणू लागल्या. मग वार गेले, मग महिने. मग एके दिवशी लेकीशी फोनवर अर्धा तास गप्पा मारून झाल्यावर त्यांनी काकांना विचारलं, "पोरगी गोड आहे हो, कुणाची?" डॉक्टरांनी काय ते समजावून सांगितलं. यावर औषध फारसं नाही, हळूहळू वाढत जाईल, माणसंही ओळखू येईनाशी होतील, तुम्ही मनाची तयारी ठेवा. मनाची तयारी ठेवायची म्हणजे नक्की काय करायचं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि काकांनीही विचारलं नाही.

एक मात्र होतं. स्वयंपाकघरात शिरल्या की काकू जशाच्या तशा असत. मिठाचा डबा, गाळणं, मिक्सरचं झाकण, कशाचंही नाव आठवत नसे, पण हात न चुकता तिथे जात. बाहेरच्या खोलीत भेदरल्यासारख्या बसलेल्या काकू ओट्याशी गेल्या की ताठ उभ्या राहत. काकांनी मनाशी पक्कं धरलं होतं की जोवर ही ओट्याशी आहे तोवर ही घरात आहे. या एका गोष्टीला ते बुडत्या माणसासारखे धरून होते.

आणि मग ती टोस्टरची दुपार आली. काका तासाभराच्या कामाला म्हणून बाहेर गेले होते. परतताना जिन्यातच जळका वास आला. धावत वर गेले. स्वयंपाकघरात धूर कोंडला होता, वरच्या कपाटाचा तळ काळा पडला होता आणि काकू टोस्टरसमोर हाताची घडी घालून शांतपणे उभ्या होत्या. हातपुसण्याची नीट घडी करून त्यांनी ती टोस्टरच्या फटीत सरकवली होती. ती भाजून वर येईल म्हणून त्या वाट बघत होत्या.

लेक दुसऱ्या दिवशी येऊन थडकली. तिने कपाटाचा काळा तळ बघितला, आईचे केस विंचरून दिले आणि मग वडिलांना बाहेरच्या खोलीत घेऊन बसली. तिच्या शहरात एक संस्था होती, अशा माणसांना सांभाळणारी. तिने ती आत जाऊन पाहिली होती. स्वच्छ होती, बायका प्रेमळ होत्या, ती स्वतः दर दोन दिवसांनी जाऊ शकली असती. तिथे ओटा आहे का, एवढंच काकांनी विचारलं.

"बाबा, ओट्यापायीच तर हे झालं," लेक म्हणाली. "गॅसचा सिलिंडर मी आजच काढून टाकते आणि महिन्याभराने परत येते. तोवर स्वयंपाकघरातली वीज पूर्णपणे तुमच्या ताब्यात आलेली मला दिसली पाहिजे. नाही आली, तर मी आईला घेऊन जाणार. मग तुम्ही रागावलात तरी चालेल."

काका रागावले नाहीत. पोरीचं चुकत नव्हतं, हे त्यांना कळत होतं.

स्वयंपाकघराला कुलूप लावायचा उपाय त्यांनी एकच दिवस करून पाहिला. काकू सकाळपासून त्या बंद दारापाशी उभ्या राहिल्या. मध्येच वळून त्यांनी अदबीने विचारलं, या घरातली माणसं कधी येणार आहेत? काकांनी कुलूप काढलं आणि जिन्याखालच्या कचऱ्यात नेऊन टाकलं. सॉकेटं उपटून काढावीत, तर काकू पिन हातात धरून भिंत चाचपत राहिल्या असत्या. ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या हाताला सॉकेटं आणून दिली, त्याने आपल्या बायकोच्या हातातून ती काढून घ्यायची म्हणजे काय, हे त्यांनी कुणाला सांगितलं असतं? सांगायचं जिला, तीच तर ओट्याशी उभी होती.

शेवटी त्यांनी ठरवलं की सॉकेटं जागच्या जागी ठेवायची आणि त्यांचा जीव तेवढा काढून घ्यायचा. काकू दुपारी झोपल्या असताना त्यांनी काम उरकलं. फ्रिजची लाइन वेगळी केली, बाकी सगळी सॉकेटं एका चोरस्विचवर घेतली. आता काकू पिन खुपसतील, खटका दाबतील, पण काका जवळ नसतील तेव्हा काही पेटणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी टोमॅटो चिरले, मिक्सरमध्ये घातले, खटका दाबला. मिक्सर गप्प. त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं, तो फिरत होता. फ्रिजला कान लावला, तोही गुरगुरत होता. काका दाराआडून श्वास रोखून बघत होते. काकूंनी क्षणभर विचार केला, स्टूल ओढलं, त्यावर चढून डाव्या हाताचं वरचं कपाट उघडलं आणि बिजागरीच्या मागे बोट घालून स्विच चालू केला. मिक्सर भर्रकन सुरू झाला.

काकांना एकाच वेळी तिला कडकडून मिठी मारावीशी वाटली आणि आपलं डोकं भिंतीवर आपटून घ्यावंसं वाटलं. जगातल्या कुठल्याही चोराला जो पत्ता लागला नसता, तो त्यांनी वर्षानुवर्षं जेवता जेवता बायकोला पढवला होता. लेकीचं नाव गेलं, वार गेले, चमचा गेला, आणि नवऱ्याची ही बढाई तेवढी मुक्कामाला राहिली. स्टुलावरून तिला हात देऊन उतरवताना त्यांनी विचारलं, तुला कसं कळलं गं?

"आमचे हे सगळ्यांकडे तिथेच बसवतात," काकू म्हणाल्या.

'आमचे हे' म्हणताना त्या काकांकडेच बघत होत्या. काकांनी ते कानाआड केलं. महिन्यातले नऊ दिवस संपले होते आणि डोक्यात आता एकच होतं, तिचा हात जाणार नाही अशी जागा शोधायची.

हे त्यांच्या रोजच्या कामाच्या अगदी उलटं होतं. काका दोन दिवस कानामागे पेन्सिल लावून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून राहिले. बेसिनखाली काकूंचा हात दिवसातून सहा वेळा गेला. फ्रिजच्या मागे धूळ पुसायला गेला. ट्रॉल्यांच्या आत, त्यांच्याही मागे, खिडकीच्या चौकटीवर, गॅसच्या नळीपाशी, सगळीकडे गेला. एकदा तर ओट्याच्या खालच्या बाजूने हात फिरवून त्या काहीतरी शोधत राहिल्या आणि नुसत्या शोधण्यावरच खूश दिसल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी हात टेकले. त्या खोलीत काकूंचा हात जात नाही अशी वीतभरही जागा नव्हती. ही बाई घर विसरत चालली आहे, असं कोण म्हणेल?

जागा सापडली ती भिंतीच्या अलीकडे, बाहेरच्या खोलीत. दाराजवळ चपला-बुटांचं एक बुटकं कपाट होतं आणि त्याच्या खालच्या कप्प्यात काकांची हत्यारांची पिशवी असे. त्या पिशवीला काकू कधी शिवत नसत. लग्नाच्या पहिल्या वर्षी कौतुकाने आवरायला गेल्या आणि उघड्या पात्याने बोट कापून घेतलं, तेव्हापासून तो कप्पा त्यांनी नवऱ्याच्या नावावर करून टाकला होता. काकांनी भिंतीतून आरपार भोक पाडलं, वायर अलीकडे घेतली, कपाटाच्या पाठीला आतून एक छोटी खिडकी कापली आणि पिशवीच्या मागे स्विच बसवला. आयुष्यात इतकं सफाईदार काम त्यांनी फार थोड्या वेळा केलं होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

लेक ठरल्या दिवशी आली. तिने एकेक सॉकेट तपासलं, टोस्टर लावून पाहिला, केटली लावून पाहिली, आईला लावायला सांगितली. काही चालू झालं नाही. मग काकांनी बाहेरून स्विच टाकला आणि केटली गुणगुणायला लागली. आईला नेण्याची भाषा लेकीने पुन्हा काढली नाही. निघताना दारात तिचे डोळे भरून आले. "पण बाबा, मग तुम्हाला आता घराबाहेर पडता यायचं नाही," ती म्हणाली. नाही पडणार, काकांनी सांगितलं.

आणि खरोखरच ते पडले नाहीत. कामांवर त्यांनी पाणी सोडलं. भाजी आणि औषधं शेजारीण आणून देई. सुरुवातीला फोन येत, काका कुणाला फोनवरच खिडकीचं माप सांगत, मग तेही येईनासे झाले. काका चपलांच्या कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसत. तिथून दारातून काकूंची पाठ आणि ओट्याचा निम्मा भाग दिसे. काकूंनी केटलीत पाणी भरलेलं दिसलं की काकांचा हात कपाटात जाई आणि पलीकडे केटली सुरू होई. काकूंनी केटलीत साबणाचा चुरा ओतलेला दिसला की हात जागचा हलत नसे. वीज सारखी जाते-येते म्हणून काकू वीज कंपनीला मनमुराद शिव्या घालत आणि काका ते मुकाट्याने ऐकून घेत. असा दोघं मिळून चहा करत. मध्ये एक भिंत आणि चार मीटर वायर.

बोलणं मात्र आटत गेलं. काकू हाक मारेनाशा झाल्या. काकांनी सांगावं, तर काय सांगावं? पूर्वी रोज एक नवं स्वयंपाकघर पाहून ते घरी येत आणि त्यांच्याजवळ सांगण्यासारखं असे. आता ते कुठे जातच नव्हते, त्यामुळे कुठून येतही नव्हते. जेवताना दोघांच्या मध्ये नुसता चमच्यांचा आवाज होई. काकांना एकटं वाटे, इतकं की कधी कधी ते पिशवीतली हत्यारं काढून पुसत बसत आणि पक्कडीला उद्देशून दोन वाक्यं बोलत. मग स्वतःच ओशाळत.

अशाच एका दुपारी, चारच्या सुमाराला, काका कपाटात हात घालून ओणवे झालेले असताना काकू हात पुसत अचानक बाहेर आल्या. थबकल्या.

"कोण तुम्ही?"

ज्याची तयारी ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते हेच. काकांनी आधी स्विच बंद केला, हात बाहेर काढला. नवरा आहे असं सांगितलं, तर ही घाबरेल. घरात एकटं असताना परका माणूस नवरा असल्याचं सांगतो म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? म्हणून त्यांनी जे खरं होतं त्यातलं निम्मं सांगितलं.

"वायरमन आहे."

काकूंचा चेहरा सैल झाला. पण त्यांनी मान हलवली. "हे घरी नाहीत. हे नसताना मी कुणाला बोर्डाला हात लावू देत नाही. त्यांना दुसऱ्याचं काम पसंत पडत नाही."

थांबतो, काका म्हणाले. काकूंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी आणून दिलं आणि स्वतः समोर, जरा अंतर राखून बसल्या. कितीतरी दिवसांत त्या अशा समोर बसल्या नव्हत्या. परक्या माणसाशी बोलायला त्यांना शब्द सापडत होते. नवरा सकाळी जातो तो संध्याकाळीच येतो, असं त्यांनी सांगितलं. सगळ्या गावाच्या स्वयंपाकघरांत त्याचा हात फिरलेला आहे. रागीट नाही, पण बोलका फार.

"रोज येऊन तेच तेच सांगतात," काकू आवाज खाली आणून म्हणाल्या, "एवढ्या इंचाची खिडकी आणि तेवढ्या इंचाची खिडकी. मी ऐकते. त्यांना दुसरं कोण आहे हो?"

काकांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. त्यांना वाटत आलं होतं की आपल्या गोष्टी ऐकायला हिला आवडतात.

काकू मध्येच उठून दाराकडे बघून आल्या. अजून आले नाहीत, असं म्हणत पुन्हा बसल्या. त्या बेचैन व्हायला लागल्या होत्या, बोटं एकमेकांत गुंतवत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं?"

"बायको असते."

"मग तुम्ही निघा. ती ताटकळली असेल. हे आले की मी सांगते, वायरमन येऊन गेला म्हणून."

काका उठले. हत्यारांची पिशवी त्यांनी खांद्याला लावली, चपला पायात घातल्या आणि बाहेर पडले. आतून कडी लागल्याचा आवाज आला. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. वायरमन गेल्यावर नवऱ्याने किती वेळाने यावं, याचं माप त्यांच्या टेपमध्ये नव्हतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे ती ओट्याशी गेली होती. तिथे वीज नव्हती, काळजी नव्हती. काळजी दुसरीच होती. बेल वाजवली आणि तिने दार उघडून पुन्हा कोण तुम्ही म्हणून विचारलं, तर या जिन्यावरून जायचं कुठे? पाच मिनिटं झाली, सात झाली. मग त्यांनी केस नीट केले, सदऱ्याची बटणं पाहिली आणि लग्नाला निघाल्यासारखे दारासमोर उभे राहून बेल दाबली.

कडी निघाली. काकूंनी त्यांच्या तोंडाकडे खूप वेळ पाहिलं. मग पिशवीकडे पाहिलं. मग पुन्हा तोंडाकडे.

"आलात?" त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. "किती हो उशीर. एक वायरमन येऊन बसला होता तुमच्यासाठी."

काकांनी पिशवी खाली ठेवली. आवाज शक्य तितका रोजच्यासारखा ठेवून विचारलं, कसा होता?

"चांगला होता बिचारा," काकू दार लावता लावता म्हणाल्या. "पण एकटाच असावा. घरी बायको असते म्हणाला, मला काही ते खरं वाटलं नाही."